ठेवलेले ते सापडावे : शाळेच्या ऑनलाइन दस्तऐवज-संग्रहाची मांडणी

ज्ञानाचा संचय करणे आणि ते ज्ञान गरजूच्या हाती पोहोचविणे ही दोन वेगवेगळी कर्तव्ये आहेत. पहिले पार पडले की दुसरे आपोआप पार पडते, असा समज सर्वत्र आढळतो. छापील ग्रंथांच्या काळातही तो खरा नव्हता आणि आजच्या संगणकयुगात तर तो अधिकच फसवा ठरला आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्याने एका दुपारी शंभर पाने टिपता येतात. वार्षिक अहवाल, जुन्या स्मरणिका, हस्तलिखिते, छायाचित्रे, परिपत्रके, प्रश्नपत्रिका असे सारे पाहता पाहता एका ठिकाणी गोळा होते. मात्र त्या फाईलींची नावे 'स्कॅन नवीन', 'फोटो ४७', 'अंतिम २' अशी असतात. वर्षभरानंतर गोळा करणाऱ्यालाही त्यांत काय आहे हे उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. फाईल जतन झालेली असते, पण ती कोणाच्याही उपयोगी पडत नाही. शोधणाऱ्याच्या दृष्टीने न सापडणारा दस्तऐवज आणि हरवलेला दस्तऐवज यांत काहीही भेद नसतो.

प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे. निवासी शाळेने किंवा समाजातील कोणत्याही लहान संस्थेने आपला ऑनलाइन संग्रह उभारताना त्याची मांडणी कोणत्या तत्त्वांवर करावी, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे. ही सर्व तत्त्वे एका सूत्रात सांगता येतील : संग्रहाची रचना शोधणाऱ्याच्या प्रश्नावरून ठरावी आणि त्याच्याच शब्दांत बोलावी. ज्या समाजाला शतकानुशतके ज्ञानाच्या दारापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाने उभारलेल्या ग्रंथभांडाराचे दार उघडे तर असावेच, पण ते कोठे आहे हेही सहज दिसावे.

तिपिटकाच्या रचनेतील धडा

मांडणीचा हा विचार आपल्याला परका नाही. भगवान बुद्धांचे उपदेश दीर्घकाळ मुखोद्गत परंपरेने जतन झाले. सिंहलद्वीपातील इतिहासपरंपरेनुसार इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या कारकिर्दीत ते ग्रंथनिविष्ट करण्यात आले. तोपर्यंत हजारो सुत्ते केवळ स्मरणात होती. पाने उलटण्याची सोय नसताना हवे ते सुत्त नेमके कसे आठवावे, हा प्रश्न त्या काळच्या भिक्खूंपुढे निश्चितच उभा राहिला असणार. त्याचे उत्तर सुत्तपिटकाच्या रचनेतच दिसते.

दीघनिकायात ३४ दीर्घ सुत्ते आहेत, तर मज्झिमनिकायात मध्यम लांबीची १५२ सुत्ते आहेत. संयुत्तनिकाय विषयवार असून त्यात ५६ संयुत्ते आहेत. अंगुत्तरनिकायाची रचना संख्येवर बेतलेली आहे : एका गोष्टीविषयीचे उपदेश एककनिपातात, दोन गोष्टींविषयीचे दुकनिपातात, याप्रमाणे अकरापर्यंत. खुद्दकनिकायात धम्मपद, सुत्तनिपात, थेरगाथा, थेरीगाथा असे स्वतंत्र ग्रंथ आहेत. म्हणजे लांबी, विषय आणि संख्या असे शोधाचे तीन मार्ग एकाच पिटकात उपलब्ध आहेत. चार आर्यसत्यांविषयी जाणून घ्यावयाचे असेल तर सच्चसंयुत्ताकडे वळावे. 'पाच गोष्टी सांगितल्या होत्या' एवढेच आठवत असेल तर पञ्चकनिपात पाहावा.

यातील दोन बाबी आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे एकच विषय अनेक वाटांनी गाठता येणे. स्मृतिप्रस्थानाचा उपदेश दीघनिकायाच्या बाविसाव्या सुत्तात विस्ताराने येतो, मज्झिमनिकायाच्या दहाव्या सुत्तात येतो आणि संयुत्तनिकायात त्याच विषयाचे एक संपूर्ण संयुत्त आहे. साधक कोणत्याही बाजूने आला तरी रिकाम्या हाताने परत जात नाही. दुसरी बाब 'उद्दाना'ची. अनेक वग्गांच्या शेवटी त्या वग्गातील सुत्तांची नावे थोडक्यात गुंफलेली गाथा येते. तिलाच उद्दान म्हणतात. ही त्या काळची अनुक्रमणिका होय. मूळ उपदेशाइतक्याच निष्ठेने ही अनुक्रमणिकाही पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली गेली. सूचीला संग्रहाचाच एक भाग मानण्याची ही दृष्टी आज आपण पुन्हा आत्मसात करावयास हवी.

आधुनिक काळातही हे सूत्र टिकून आहे. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या छट्ठ संगायनाच्या पाठावर आधारलेले तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीसह अनेक लिप्यांत संगणकावर उपलब्ध करून दिले आहे. लिपी बदलली तरी निकाय, वग्ग आणि सुत्त यांचा क्रम तोच राहतो. त्यामुळे 'मज्झिमनिकाय, सुत्त दहावे' असा उल्लेख जगातील कोणत्याही अभ्यासकाला कळतो. दस्तऐवजाला एकदा दिलेला स्थिर क्रमांक किती उपयोगी पडतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

वर्गीकरण आणि त्यामागील दृष्टी

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांचा आशय असा : ग्रंथ उपयोगासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव संस्था आहे हे ध्यानात ठेवावे. 'ग्रंथ' या शब्दाच्या जागी 'दस्तऐवज' हा शब्द घातला तर हे पाचही नियम ऑनलाइन संग्रहाला तंतोतंत लागू पडतात.

वर्गीकरण ही निव्वळ तांत्रिक बाब नाही. त्यात वर्गीकरण करणाराचा दृष्टिकोन उतरतो. मेल्विल ड्यूई यांची १८७६ साली प्रसिद्ध झालेली दशांश पद्धती आजही जगभर वापरली जाते. त्या पद्धतीत धर्मविषयासाठी दोनशे ते दोनशे नव्व्याण्णव हे अंक राखलेले आहेत. त्यांपैकी बहुतांश ख्रिस्ती धर्माकडे गेले असून इतर धर्मांची सोय दोनशे नव्वदच्या घरात करण्यात आली आहे. बौद्ध धम्माच्या वाट्याला २९४.३ एवढीच जागा आली. यात ड्यूई यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्यासमोरच्या वाचकांचा आणि ग्रंथांचा विचार केला. आपणही आपल्यासमोरच्या वाचकांचा विचार करावा, एवढाच याचा बोध. ज्या संग्रहात निम्मे साहित्य धम्म आणि आंबेडकरी चळवळ यांविषयीचे आहे, तेथे ते सर्व 'धर्म' या एका कप्प्यात कोंबून चालणार नाही.

शिवाय एका कप्प्याचीच अट का असावी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झाला. हा ग्रंथ धम्माच्या दालनात ठेवावा, आंबेडकर-साहित्यात ठेवावा की तत्त्वज्ञानात? कपाटातील छापील प्रतीला एकच जागा असते, म्हणून ग्रंथपालाला निवड करावीच लागते. ऑनलाइन संग्रहाला ही मर्यादा नाही. रंगनाथन यांनी आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात एका विषयाचे अनेक पैलू स्वतंत्रपणे नोंदविण्याची कल्पना मांडली होती. ती येथे सहज अमलात येते. फाईल एकच ठेवावी, मात्र तिला विषय, प्रकार, वर्ष, भाषा आणि वाचकवर्ग अशी पाच लेबले लावावीत. वाचक ज्या लेबलाने येईल, त्या वाटेने ती त्याला भेटेल. एकाच फाईलीच्या पाच प्रती पाच फोल्डरांत ठेवणे मात्र टाळावे. पुढे एका प्रतीत दुरुस्ती होते, चार तशाच राहतात आणि विश्वसनीय प्रत कोणती हे कळेनासे होते.

शोधणारा कोण आणि तो काय विचारतो?

दालने ठरविण्यापूर्वी प्रश्नांची यादी करावी. शाळेच्या संग्रहाकडे साधारणपणे पुढील मंडळी येतील. दहावीच्या विद्यार्थ्याला मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका हव्या असतात. शिक्षकाला धम्मचक्र प्रवर्तनदिनाच्या कार्यक्रमासाठी माहिती हवी असते. माजी विद्यार्थ्याला आपल्या तुकडीचे छायाचित्र किंवा आपला लेख असलेली जुनी स्मरणिका पाहावयाची असते. पालकाला शिष्यवृत्तीचा अर्ज आणि त्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी हवी असते. अभ्यासकाला एखाद्या नियतकालिकाचा विशिष्ट अंक हवा असतो. असे चाळीस-पन्नास प्रश्न प्रत्यक्ष विचारून, ज्या शब्दांत विचारले गेले त्याच शब्दांत लिहून काढावेत. या प्रश्नांचे गट पाडले की दालने आपोआप दिसू लागतात.

संस्थेच्या कार्यालयाची रचना मात्र दालनांसाठी आधार म्हणून घेऊ नये. 'आवक-जावक', 'आस्थापना', 'समिती क्रमांक दोन' ही नावे कार्यालयाला परिचित असतात, पालकाला नव्हे. 'शिष्यवृत्ती व दाखले', 'अभ्यास व परीक्षा', 'धम्म व आंबेडकरी साहित्य', 'शाळेचा इतिहास', 'छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे', 'स्मरणिका व अहवाल' अशी सहा-सात दालने पुरेशी आहेत. प्रत्येक दालनात आणखी एखादा उपविभाग असावा, त्याखाली पायऱ्या वाढवू नयेत. बहुसंख्य वाचक मोबाईलच्या लहान पडद्यावर पाहणार आहेत. सहा पायऱ्या उतरण्याचा धीर तेथे कोणाला राहत नाही. 'इतर' किंवा 'संकीर्ण' हे दालन तर करूच नये. ते एकदा निर्माण झाले की आळसाने टाकलेली प्रत्येक फाईल तेथे जमा होते आणि पाहता पाहता ते सर्वांत मोठे दालन होऊन बसते.

एकाच वस्तूची अनेक नावे

संग्रहातील बहुतेक शोध येथेच अडखळतात, म्हणून हा भाग अधिक विस्ताराने पाहू. ग्रामीण भागातील पालक 'जातीचा दाखला' म्हणतो, शासकीय कागदावर 'जात प्रमाणपत्र' असते आणि महाविद्यालयात गेलेला मुलगा 'कास्ट सर्टिफिकेट' टाइप करतो. 'शाळा सोडल्याचा दाखला', 'एलसी' आणि 'टीसी' या शब्दांनी एकाच कागदाची मागणी होते. याउलट 'जात प्रमाणपत्र' आणि 'जात वैधता प्रमाणपत्र' ही नावे सारखी भासली तरी ते दोन स्वतंत्र दस्तऐवज आहेत. त्यांची गल्लत झाल्यास प्रवेशाची मुदत टळू शकते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या संज्ञेचे एक अधिकृत रूप निश्चित करावे, तिची सर्व पर्यायी रूपे नोंदीत लिहावीत आणि फसव्या साम्याच्या ठिकाणी एका ओळीचा खुलासा द्यावा.

व्यक्तिनामे आणि स्थलनामे यांचेही असेच आहे. 'आंबेडकर' आणि 'अंबेडकर', 'तिपिटक' आणि 'त्रिपिटक', 'सुत्त' आणि 'सूत्र' ही रूपे मानवी डोळ्यांना जवळची वाटतात, पण यंत्राच्या लेखी ती वेगवेगळी असतात. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्यामुळे जुन्या कागदावरील नाव व आजचे नाव दोन्ही नोंदीत असणे आवश्यक आहे. नियतकालिकांची नावेही बदलतात. बाबासाहेबांनी २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू केलेले 'जनता' हे पत्र ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत' या नावाने निघू लागले. केवळ 'प्रबुद्ध भारत' शोधणाऱ्याला त्यामागची पंचवीस वर्षे दिसावीत, यासाठी दोन्ही नोंदींत परस्परांचा निर्देश असलाच पाहिजे.

मराठीची आणखी एक अडचण आहे. आपल्या भाषेत शब्दाला प्रत्यय लागताना त्याचे मूळ रूपच पुष्कळदा बदलते. 'शाळा' या शब्दाचे 'शाळेचा' होते, 'विद्यार्थी'चे 'विद्यार्थ्यांना' होते. अक्षरशः जुळणी करणारी साधी शोधयंत्रणा 'शाळा' या शब्दावरून 'शाळेचा इतिहास' हे शीर्षक शोधू शकत नाही, कारण 'ळा'च्या जागी 'ळे' आलेला असतो. यावर सोपा उपाय असा की, प्रत्येक नोंदीत विषयशब्द प्रत्ययरहित मूळ रूपात स्वतंत्रपणे लिहावेत. वर्षाचे आकडे देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही अंकांत नोंदवावेत, कारण मोबाईलवर लिहिणारे बहुतेक लोक इंग्रजी अंकच वापरतात.

नोंद कशी असावी?

दस्तऐवजाविषयीची माहिती नोंदविण्यासाठी ग्रंथालयांच्या जगात 'डब्लिन कोअर' नावाची मान्य पद्धती आहे. १९९५ साली अमेरिकेतील डब्लिन या गावी झालेल्या कार्यशाळेतून ती आकारास आली. तिच्यात पंधरा घटक आहेत. लहान संस्थेने आठ घटक काटेकोरपणे भरले तरी काम भागते : शीर्षक, कर्ता, दिनांक, प्रकार, विषयशब्द, भाषा, मूळ प्रत कोठे आहे, आणि पाहण्याचा अधिकार कोणाला आहे. यांशिवाय एक कायम क्रमांक द्यावा.

उदाहरणादाखल 'प्रबुद्ध भारत'च्या पहिल्या अंकाची प्रत संग्रहात आली असे धरू. तिची नोंद अशी होईल. शीर्षक : प्रबुद्ध भारत. दिनांक : ४ फेब्रुवारी १९५६. प्रकार : नियतकालिक. भाषा : मराठी. पूर्वीचे नाव : जनता. विषयशब्द : आंबेडकर, अंबेडकर, बौद्ध, धम्म, वृत्तपत्र, चळवळ. मूळ प्रत : कोणाच्या संग्रहातील, किती पाने, कोणती पाने फाटलेली. फाईलीच्या नावात वर्ष, महिना व दिवस या क्रमाने दिनांक आधी लिहावा आणि त्यापुढे शीर्षक द्यावे. अशाने फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. दिनांक ठाऊक नसेल तर अंदाज लिहावा, मात्र तो अंदाज आहे असे स्पष्ट नमूद करावे. चुकीची खात्री अभ्यासकाला प्रामाणिक अनिश्चिततेपेक्षा अधिक घातक असते.

एक तांत्रिक सूचना येथे आवश्यक आहे. पानाचे छायाचित्र म्हणजे मजकूर नव्हे. स्कॅन केलेल्या पानातील अक्षरे संगणकाला केवळ चित्र म्हणून दिसतात. अक्षर-ओळख करणाऱ्या प्रणालीतून ते पान गेल्यावरच त्यातील शब्द शोधता येतात. मराठीसाठी 'टेसेरॅक्ट' ही मुक्त प्रणाली उपलब्ध आहे. स्वच्छ छपाई आणि तीनशे डीपीआयचे सरळ स्कॅन असेल तर ती उपयोगी पडते. फिकट शाई किंवा हस्ताक्षर असेल तर मात्र तिच्यावर विसंबू नये. तेथे माणसाने केलेली नोंद हाच आधार. तसेच श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलिखित केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी आतून वेगळ्याच अक्षरांचा असतो. तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय मराठी शब्दाने शोधता येत नाही.

काय उघडे ठेवावे, काय झाकावे

सापडणे ही गोष्ट इष्ट असली तरी प्रत्येक दस्तऐवज प्रत्येकाला सापडावा असे नाही. शाळेचे जनरल रजिस्टर हे याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. जात वैधतेच्या प्रकरणात वडील, काका, आत्या, आजोबा यांच्या जुन्या शालेय नोंदी पुरावा म्हणून सादर कराव्या लागतात. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० या दिनांकाला विशेष महत्त्व आहे. रजिस्टरातील एका ओळीच्या उताऱ्यावर नातवाचा प्रवेश अवलंबून असू शकतो. अशी ओळ कार्यालयाला तासाभरात सापडली पाहिजे, यासाठी रजिस्टरांची वर्षवार व आडनाववार सूची तयार करणे हे संग्रहाचे पहिले काम समजावे.

परंतु त्याच रजिस्टरात जात, जन्मतारीख, पत्ता असा खासगी तपशील असतो. तो इंटरनेटवर खुला करणे सर्वथा अनुचित आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. म्हणून मार्ग असा : 'अमुक वर्षांची रजिस्टरे शाळेकडे आहेत, उताऱ्यासाठी असा अर्ज करावा' एवढी सूचना सर्वांना दिसावी. प्रत्यक्ष पाने आणि नावांची सूची मात्र कार्यालयातील अधिकृत व्यक्तीलाच पाहता यावी.

प्रकाशनहक्काचाही विचार व्हावा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क अबाधित राहतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रकाशित झालेले त्यांचे लेखन २०१७ च्या आरंभापासून सर्वांसाठी खुले झाले आहे. त्याच्या एखाद्या अलीकडच्या अनुवादावर किंवा संपादकीय टिपांवर मात्र दुसऱ्याचा हक्क असू शकतो. परवानगी नसलेल्या ग्रंथाची नोंद द्यावी, मजकूर देऊ नये. नोंद पाहूनही वाचक मूळ ग्रंथापर्यंत पोहोचू शकतो.

परीक्षा आणि देखभाल

मांडणी योग्य झाली की नाही हे ठरविण्याचा अधिकार मांडणी करणाऱ्यांना नाही. एक पालक, एक विद्यार्थी, एक वयस्कर माजी विद्यार्थी आणि एक शिक्षक यांना प्रत्येकी पाच प्रश्न द्यावेत. त्यांच्या हाती मोबाईल देऊन शेजारी शांत बसावे. ते कोठे थांबतात, कोणता शब्द टाइप करतात, कोणते दालन चुकून उघडतात हे टिपून घ्यावे, मात्र मदत करू नये. जेथे तिघे अडखळले तेथे दोष रचनेचा आहे, त्यांचा नव्हे. तसेच ज्या शब्दांच्या शोधातून काहीच हाती लागले नाही, त्या शब्दांची यादी दरमहा पाहावी. ती यादी दोन गोष्टी सांगते : कोणते पर्यायी शब्द नोंदीत घालावयाचे राहिले आणि कोणते दस्तऐवज अद्याप मिळवावयाचे आहेत.

कालबाह्य कागद हा आणखी एक धोका. गतवर्षीचे शिष्यवृत्तीचे परिपत्रक वर दिसले आणि पालकाने जुनी मुदत खरी मानली, तर संग्रहाने उपकाराऐवजी अपाय केला असे होईल. अशा कागदांवर 'जुने' असा ठळक शिक्का हवा आणि नव्या परिपत्रकाकडे नेणारा दुवा हवा. इतिहासासाठी ते जपावेत, पण चालू माहितीत मिसळू नयेत. प्रत्येक फाईलीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक प्रत शाळेच्या आवाराबाहेर, हा जतनाचा सर्वमान्य नियमही पाळावा.

यासाठी महागड्या प्रणालीची गरज नाही. 'डीस्पेस' आणि 'ग्रीनस्टोन' यांसारख्या मुक्त प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत. आरंभ तर एका साध्या तक्त्यापासूनही करता येतो. नोंदी शिस्तीने भरलेल्या असतील तर त्या पुढे कोणत्याही प्रणालीत नेता येतात. नोंदीच नसतील तर उत्तमातील उत्तम प्रणालीही रिकाम्या कपाटासारखी होय. मात्र एक जबाबदार व्यक्ती नेमलेली असावी, तिला आठवड्यातील ठरावीक वेळ दिलेला असावा आणि नोंदीचे नियम एका पानावर लिहून ठेवलेले असावेत. व्यक्ती बदलली तरी पान राहते.

आपण सर्वांनी करावयाचे काम

शाळेचा इतिहास केवळ शाळेच्या कपाटांत नसतो. तो माजी विद्यार्थ्यांच्या घरांतील पेट्यांत, पालकांच्या भिंतींवरील तसबिरींत आणि निवृत्त शिक्षकांच्या स्मरणात विखुरलेला असतो. तो संग्रहात यावा यासाठी प्रत्येकाने छायाचित्र किंवा कागद पाठविताना तीन प्रश्नांची उत्तरे सोबत लिहावीत : हे काय आहे, केव्हाचे आहे, आणि यात कोण कोण आहेत. या तीन ओळींविना आलेले छायाचित्र काही वर्षांनी अनोळखी चेहऱ्यांचा समूह होऊन राहते.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. कागद पन्नास वर्षे टिकेल, फाईलही जपता येईल. पण पहिल्या तुकडीच्या रांगेत उजवीकडून तिसरा कोण, पटांगणातले बोधिवृक्षाचे रोप कोणी लावले, वसतिगृहाच्या पहिल्या खोलीच्या विटा कोणी वाहिल्या, हे सांगू शकणारी माणसे आज आपल्यात आहेत आणि दर वर्षी त्यांची संख्या घटते आहे. स्कॅन करणे एखादे वेळी पुढच्या महिन्यावर गेले तरी चालेल. घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहून घेण्याचे काम मात्र या आठवड्यातच व्हावे. आपल्या संग्रहाची खरी सुरुवात त्या नावांपासूनच होणार आहे.